न टोचलेल्यांचं फडकं

ज्यांच्या घरात आज कोणी तापानं पडलेलं आहे त्यांना हे सगळं वाचायला सवड नसेल. त्यांनी शेवटचा भाग आधी वाचावा आणि कामाला लागावं. मानमोडीची साथ ओसरली, आपण वाचलो, असं म्हणून जे पुन्हा बाजारात गप्पा ठोकत बसले आहेत, त्यांनी मात्र पहिल्या ओळीपासून वाचावं. त्यांच्याचसाठी मी मुख्यतः लिहितो आहे, आणि त्यांना राग आला तर येऊ द्या.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. अमरावतीत आमची चार-सहा मंडळी आहेत, एक जुनं छापयंत्र आहे. दारूवर लिहिलं, लग्नातल्या उधळपट्टीवर लिहिलं, पोरींना शाळेत घाला म्हणून लिहिलं, प्लेगात टोचून घ्या म्हणून लिहिलं. पत्रकात रडायचं नाही, वाचणाऱ्याला कामाला लावायचं, असं मला शिकवलेलं आहे. आज ते पाळता येईल असं वाटत नाही.

चिठ्ठी

आमचं घर अकोल्याच्या बाहेर, फुलमाळ्यांच्या वस्तीत. झेंडू, शेवंती, थोडा मोगरा. वडील, ज्यांना आम्ही बाबा म्हणत असू, पहाटे फुलं तोडायचे आणि उजाडता बाजारात बसायचे. मोठा भाऊ मळा बघायचा, वहिनी माळा ओवायची. मी तेवढा शिकलो आणि घराबाहेर पडलो. बाबांना वाचता येत नव्हतं. माझी पत्रकं त्यांना आवडायची, कारण कागद जाड असायचा आणि फुलांची पुडी चांगली बांधली जायची.

प्लेगाच्या साली बाजाराच्या फाटकावर एक माणूस बसवला होता. ज्यानं टोचून घेतलं आहे, त्यानंच आत बसून विकावं, असा नियम. टोचल्यावर एक छापील चिठ्ठी मिळायची. ती दाखवली की आत. आमच्या वस्तीत सगळ्यांच्या आधी बाबा टोचून आले. दंड सुजला, ताप आला, पण चिठ्ठी मिळाली. ती त्यांनी पागोट्याच्या घडीत ठेवली आणि त्या दिवसापासून वस्तीत दोन जाती झाल्या. टोचलेले आणि न टोचलेले. लग्नाची बोलणी करायला आलेले पाहुणेसुद्धा विचारायचे, मुलाकडचे टोचलेले आहेत ना? टोचलेला म्हणजे शहाणा, धीराचा, सरकारदरबारी चालणारा. न टोचलेला म्हणजे सुईला भ्यालेला.

प्लेग गेला. मग मानमोडी आली. हा दुसराच रोग. उंदीर पडले नाहीत, गाठ आली नाही. माणूस खोकायचा, मान टाकायचा, आणि काळानिळा होऊन जायचा. पण फाटकावरचा माणूस तिथंच बसलेला. नियमही तोच. लोक खोकत आले तरी तो चिठ्ठी बघायचा आणि आत सोडायचा. प्लेगाची चिठ्ठी मानमोडीला काय करणार, हे त्याला कुणी विचारलं नाही, त्याच्यावरच्या साहेबाला कुणी विचारलं नाही, आणि साहेबाला स्वतःला हा प्रश्न पडला असेल असं मला वाटत नाही. नियम मोडला नाही म्हणून त्याला बढतीही मिळाली असेल.

आणखी एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे. आमच्याकडे देवीसाठी माळ ओवायची तर नाकातोंडावर फडकं बांधतात. देवाच्या फुलाचा वास घ्यायचा नसतो, त्याच्यावर आपला श्वास पडू द्यायचा नसतो. नवरात्रात आमच्या ओसरीवर बसलेली सगळी माणसं डोळ्यांनीच बोलतात असं बघणाऱ्याला वाटेल. फडक्याआडून वहिनी बाबांच्या खोड्या काढायची, बाबा फडक्याआडून हसायचे, आणि ते फडक्याच्या फुगण्यावरून कळायचं. म्हणजे बघा. ज्या एका वस्तूची गरज होती, ती आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या खुंटीवर टांगलेली होती.

मूर्तिजापूर

मी परतवाड्याकडे पत्रकं वाटायला गेलो होतो. परत येताना छोट्या गाडीत बसलो तेव्हा अंग दुखत होतं. बाकावर झोप झाली नाही म्हणून असेल म्हटलं. मूर्तिजापूरला उतरलो आणि मोठ्या गाडीची वाट बघत फलाटावर बसलो, तो उठताच येईना. मानेत कुणीतरी पाचर ठोकल्यासारखं झालं. तेव्हा कळलं की ह्याला मानमोडी काहून म्हणतात.

शेजारी एक भाजीवाली बाई पाटी घेऊन बसली होती. नाकावर पदर घट्ट धरलेला. माझी अवस्था बघून ती थोडी सरकली, मग तिलाच राहवलं नाही. फडक्यात बांधलेल्या तांब्यातलं पाणी पुढं करत तिनं विचारलं,

"टोचलं हाय का बाप्पा तुमी?"

मी मान हलवली. टोचलं होतं, प्लेगाचं. खोटं नव्हतंच ते.

"मंग भ्या नाही," ती म्हणाली. पदर सोडला, जवळ सरकली, माझं डोकं हातानं वर करून पाणी पाजलं. गाडी येईपर्यंत ती माझ्याशी बोलत होती. तिच्या वांग्यांना भाव नव्हता, जावई रागीट होता. माझा खोकला तिच्या तोंडावर जात होता आणि ती बोलत होती.

तिचं पुढं काय झालं मला माहीत नाही. तिचं गाव मी विचारलं नाही. मूर्तिजापूरला गाडी थांबते तेव्हा मी अजूनही फलाटावरच्या भाजीच्या पाट्यांकडे बघतो, बघू नये असं वाटत असतानाही बघतो.

छपरी

कसाबसा अकोल्याला घरी पोचलो, तसं भावानं मला बैलांच्या दमणीत घालून साथीच्या छपरीत नेलं. गावाबाहेर बांबू-तट्ट्यांची लांब छपरी, आत दोन रांगा खाटांच्या. दारातच पहिला प्रश्न, टोचलेला की न टोचलेला? टोचलेले डाव्या रांगेत, न टोचलेले उजव्या. उजव्या रांगेतल्या रोग्यापाशी बसणाऱ्यानं तोंडाला फडकं बांधायचं, अशी सक्ती. डाव्या रांगेत सक्ती नाही. ज्यानं हा नियम केला त्याला बक्षीस म्हणून त्याच छपरीत एक रात्र निजवायला पाहिजे होतं. मी हे रागानं म्हणतो, आणि पुन्हा वाचलं तरी राग कमी होत नाही.

ह्या नियमानं काय झालं, तर फडकं ही न टोचलेल्यांची खूण झाली. तोंड झाकलेला माणूस दिसला की डाव्या रांगेतले एकमेकांना कोपर मारायचे. माझ्यापाशी बाबा बसले. वहिनीचं मूल अंगावर पीत होतं, भावाला मळा सोडता येत नव्हता, म्हणून बाबांनी बाजार बंद केला आणि माझ्या खाटेखाली घोंगडी टाकली. समोरच्या रांगेत एका वकिलाचा कारकून पडला होता, त्याचा सासरा फडकं बांधून बसलेला. बाबा त्याला मोठ्यानं म्हणाले,

"काहो महाराज, सुईले भेले, अन् आता तोंड लपवून राह्यले?"

सासऱ्यानं फडकं नाकावर सारखं केलं. डाव्या रांगेतले हसले. मलाही हसू आल्याचं आठवतं. पुढं तो कारकून बरा झाला, त्याला सासऱ्याच्या खांद्यावर हात टाकून घरी जाताना मी पाहिलं. तोपर्यंत आमच्याकडचं हसणं बंद झालं होतं.

छपरीचा दिवस असा असायचा. सकाळी कंपाउंडर यायचा, कडू औषध घशाखाली उतरेपर्यंत उभा राहायचा. मग फिनेलचा वास. मग रिकाम्या झालेल्या खाटेची सुतळी ताणून नवा माणूस. दुपारी पत्र्याच्या डब्यातून घरची पेज. कुणाच्या पायाकडची हालचाल थांबली की डोक्याकडे बघायचं नाही, हे सगळे न सांगता शिकले. मी छताचे बांबू बघायचो. अजून कुठल्याही छपराखाली निजलो तर आधी बांबू बघतो.

कंपाउंडर हा शांत गृहस्थ. डोळे लाल, आवाज बसलेला. बाबांना तो रोज सांगायचा की तोंड बांधा. बाबा पागोट्यातली चिठ्ठी काढून दाखवायचे. एकदा त्यानं चिठ्ठी हातात घेतली, पुन्हा घडी घालून परत दिली आणि म्हणाला, "ही खरी हाय, बाबाजी. पण ही प्लेगाची. ह्या तापाची सुई मायापाशी नाही. कोणापाशीच नाही."

"मंग दोन रांगा काहून केल्या?"

"मी नाही केल्या," कंपाउंडर म्हणाला.

बाबांनी तरी ऐकलं नाही. पण मग माझ्या शेजारच्या खाटेवरचा पोरगा गेला, आणि त्याच्यापाशी उघड्या तोंडानं बसलेला त्याचा बाप त्याच खाटेवर आला. टोचलेला होता तोही. त्यालाही नेलं, तेव्हा बाबांनी वहिनीकडून माळांचं फडकं मागवून घेतलं आणि नाकातोंडावर बांधलं. डाव्या रांगेत बांधणारे ते एकटेच. कुणीतरी म्हणालं, बुढ्याची चिठ्ठी खोटी निघाली वाटते. बाबांनी ऐकलं आणि फडक्याची गाठ आणखी आवळली. माझ्यासाठी त्यांनी आपली अब्रू खाली ठेवली, हे मला त्या क्षणी कळलं. आणि मला बरं वाटलं. एवढं नक्की आठवतं की मला बरं वाटलं.

तोंड

त्यानंतर माझा ताप डोक्यात गेला.

हे कसं लिहावं कळत नाही. मला छपरीत फक्त फडकी दिसायची. आमच्याकडे प्रेत उचलणारी माणसंही साथीत तोंड बांधूनच यायची, आणि मला वाटायचं की ती आली आहेत, माझ्या उशापायथ्याशी उभी आहेत, मी अजून जिवंत आहे हे त्यांना दिसत नाही. त्यांतला एक फार जवळ यायचा. माझ्या कपाळाला हात लावायचा. तो हात लावला की मी किंचाळायचो, त्याला ढकलायचो, लाथा मारायचो. औषध त्याच्या हातून घेईना, पाणी घेईना. बाबांना बोलवा, म्हणून ओरडायचो.

तो बाबाच होता.

कंपाउंडरनं दुसऱ्या कुणाला तरी पाणी पाजायला पाठवलं, तर त्याचंही तोंड बांधलेलं. ओठ फुटले, जीभ जाड झाली. मी पाण्याशिवाय जाणार, असं कंपाउंडर बाबांना सांगत होता. ते मी ऐकलं. आणि मग त्या सगळ्या धुक्यातली एकच गोष्ट मला लख्ख आठवते. त्या माणसानं मानेमागं हात नेले आणि गाठ सोडली. फडकं खाली आलं आणि आतून बाबा निघाले. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली.

"हा पाह्य. मीच हाओ. पी आता."

मी प्यालो. तांब्यामागून तांब्या प्यालो, आणि त्यांच्या तोंडावर खोकलो.

कंपाउंडर काहीतरी बोलला. बाबांनी त्याला जे उत्तर दिलं ते मी जन्मात विसरणार नाही. आवाज चढवला नव्हता.

"देवापुढं बांधतो ते माह्या तोंडाचा विटाळ देवाले होऊ नये म्हणून. माह्या पोराले माह्या तोंडाचा काय विटाळ?"

फडकं त्यांनी खिशात घातलं. पुन्हा बांधलं नाही. नाक माझ्या नाकाला लागेल इतक्या जवळ बसून ते मला पेज भरवायचे, आणि मी त्यांच्या तोंडावरून नजर काढत नव्हतो. नजर काढली की ती फडकी पुन्हा यायची.

घाम फुटून ताप उतरला तेव्हा बाबांनी माझं अंग पुसलं. वहिनीनं मोसंबं पाठवलं होतं. ते सोलून त्यांनी एकेक फोड दिली, आणि शेवटची मी त्यांच्या तोंडात घातली. दोन्ही रांगांत त्या दिवशी कुणी गेलं नाही. तट्ट्याच्या फटीतून ऊन येत होतं. इतकं साधं सुख मला पुन्हा मिळालं नाही, आणि मिळालं तर मी त्याला घाबरेन.

बाबा

दमणीतून घरी येताना बाबा पहिल्यांदा खोकले. भावानं बैल हाकता हाकता मागं वळून बघितलं. धूळ गेली, असं बाबा म्हणाले. धूळ होतीच. आम्ही तिघंही त्या धुळीवर विश्वास ठेवून घरी पोचलो.

छपरीत जायला ते तयार झाले नाहीत. मागच्या पडवीत, फुलं ठेवायच्या जागी त्यांनी खाट मागितली. वहिनी आणि भाऊ तोंड बांधून, लांबूनच सगळं करायचे. लेकराला तर पडवीकडे फिरकूसुद्धा दिलं नाही. मी भिंत धरत धरत त्यांच्यापाशी गेलो आणि उघड्या तोंडानं बसलो. मला येऊन गेला आहे, आता मला कसली भीती, असं माझं म्हणणं.

बाबांनी डोळे उघडले. बोलायला त्यांना वेळ लागत होता.

"बांध."

मी नाही म्हणालो. तुम्ही माझ्यासाठी सोडलं होतं, असंही म्हणालो.

"तू पोट्टा होता, भेला होता. मी नाही भेलो," ते म्हणाले. मग खोकल्याची एक लाट येऊन गेली. "तूच लिवते ना कागदावर, हे करा, ते करा. मंग कर. पुन्हा पडला तं मी कोठून येऊ पाणी पाजाले?"

मी बांधलं. आयुष्यात बाबांनी माझं पत्रक एकदाच मानलं, ते असं, मलाच वाचून दाखवून.

मग त्यांचाही ताप डोक्यात गेला. ते माझ्याकडे बघायचे. माझ्या डोळ्यांकडे, मग फडक्याकडे, मग पुन्हा डोळ्यांकडे, जसा बाजारात माणूस ओळखीचा वाटतो पण नाव आठवत नाही तसं. किंचाळले नाहीत. त्यांनी मला ढकललं असतं तर बरं झालं असतं. "कोण रे?" असं त्यांनी विचारलं, परक्या माणसाशी बोलतात तसं, अदबीनं. मी किसन, बाबा, मी किसन. त्यांनी मान हलवली, म्हणजे बरं म्हणाले, पण पटलं नाही. माझा हात गाठीकडे जायचा आणि त्यांचा शब्द आडवा यायचा. बांध, म्हणाले होते. शुद्धीत असताना म्हणाले होते.

ते गेले. मी उठून खांदा देऊ शकलो नाही. त्यांचं पागोटं वहिनीनं माझ्यापुढं ठेवलं तेव्हा त्यातली चिठ्ठी मी काढली आणि चुलीत घातली. चिठ्ठीचा दोष नव्हता. प्लेगाच्या साली तिनं त्यांना वाचवलं असेल. टोचून घ्या, हे मी आजही ओरडून सांगतो, सुई ज्या रोगाची आहे त्या रोगासाठी. पण एका रोगाची ढाल दुसऱ्या रोगापुढं धरायला लावणारे, फडक्याला लाजेची खूण करून टाकणारे, ते सगळे आज जागच्या जागी आहेत. फाटकावर तो माणूस आजही बसतो.

आणि मी निजलो की बाबा येतात. तोंड बांधलेलं असतं. मी त्यांना सोडा म्हणतो, ते मला बांध म्हणतात.

शेवटचा भाग

पायांत बळ आल्यावर मी बार्शीटाकळीच्या बाजूला गेलो. तिथं ताप अजून रेंगाळत होता. घरोघर जाऊन फडकं बांधायला सांगायचं, एवढंच काम. एका भाजीमळेवाल्याच्या घरी सात-आठ वर्षांची पोरगी पडली होती. आई तिच्या अंथरुणात शिरून, तिला छातीशी धरून बसलेली. तोंड उघडं. मी अंगणातून सांगितलं, बाहेर या, फडकं बांधा, मग जा.

बाई अंगणात आली ती भांडायलाच. "बांधलं होतं सकाळी. भेली पोट्टी. मले पाहून रडून राह्यली होती. कोणाच्या मायनं लेकरापुढं तोंड लपवलं हाय? तुमच्या मायनं लपवलं होतं?"

"माय लहानपणीच गेली," मी म्हणालो. "बाप बसला होता माझ्यापाशी."

"मंग? त्यानं बांधलं होतं?"

पत्रकात ह्याला उत्तर नव्हतं. होय म्हटलं असतं तर ती बांधून मोकळी झाली असती. मी म्हणालो, नाही. मी भ्यालो, म्हणून त्यांनी सोडलं. मी वाचलो. ते वाचले नाहीत.

आतून पोरगी आई आई करत होती. बाई एकदा आत बघायची, एकदा माझ्याकडे. तिला दोन्हीपैकी एक निवडायला सांगत होतो मी, आणि तिनं कोणतं निवडलं असतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तेव्हा मला ते सुचलं. इतकी साधी गोष्ट, आणि छपरीत ती कुणालाच सुचली नव्हती.

"इथंच दारात उभ्या राहा," मी म्हणालो. "आत जाऊ नका. तिला हाक मारा. तोंड दाखवा. मग तिच्या डोळ्यांसमोर बांधा. मग जवळ जा."

ती उंबऱ्यावर उभी राहिली. पोरीला हाक मारली. पोरीनं मान वळवून बघितलं. आईनं फडकं हातात वर धरून दाखवलं, मग हळूहळू नाकावर घेतलं, मागं गाठ मारली, आणि फडक्याआडून काहीतरी वेडंवाकडं बोलली. पोरीनं पांघरुणातून हात बाहेर काढला.

"दिसली," ती म्हणाली. "ये आता."

नव्या पत्रकात मी तीनच वाक्यं घातली. आधी दारातून तोंड दाखवा. त्याच्या डोळ्यांसमोर फडकं बांधा. मग जवळ जा. छापायच्या आधी आमच्या मंडळींपैकी एकानं पहिलं वाक्य खोडलं. रोग आवरण्याशी त्याचा काही संबंध नाही, जागा वाया जाते, असं तो म्हणाला.

मी ते पुन्हा लिहिलं.